जुन्या ज्ञानसफरी : बदलाव्यात की राखाव्यात?

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या की सहलींचे प्रस्ताव तयार होऊ लागतात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हे काम सोपे नाही. अकोले तालुक्यातील डोंगराळ पाड्यावरचा अथवा जामखेडच्या अवर्षणप्रवण भागातील विद्यार्थी मुंबईचे विज्ञान केंद्र किंवा तारांगण पाहतो तो बहुधा साऱ्या शालेय आयुष्यात एकदाच. त्या एका भेटीत त्याच्यासमोर जे मांडले जाईल ते चालू स्थितीत असावे आणि खरे असावे, एवढी अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल. म्हणूनच शैक्षणिक करमणुकीची जुनी साधने मोडीत काढून त्यांच्या जागी नवी बसवावीत काय, हा वाद केवळ परदेशांतील मोठ्या उद्यानांपुरता राहत नाही. शिक्षक, लोकप्रतिनिधी आणि उद्यानांचा कारभार पाहणारे अधिकारी या सर्वांशी त्याचा संबंध येतो.

एका ठरावीक कल्पनेभोवती रचलेल्या करमणूक-उद्यानाला थीम पार्क असे म्हणतात. तेथे पाळणे, घसरगुंड्या आणि वेगवान गाड्या असतात. तसेच प्रेक्षकाला वाहनात बसवून एखाद्या विषयाची क्रमवार ओळख करून देणाऱ्या सफरीही असतात. वाहन संथपणे पुढे सरकते, दोन्ही बाजूंस देखावे व यंत्रचलित पुतळे दिसतात आणि निवेदन कानावर पडत राहते. हे तंत्र आता आपल्या जिल्ह्यासही अपरिचित राहिलेले नाही. शिर्डी येथील साईतीर्थ या भक्तिविषयक उद्यानात भाविकांना वाहनात बसवून देशातील तीर्थस्थानांच्या प्रतिकृती दाखविल्या जातात. मात्र अशा सफरींतून विज्ञान, इतिहास, शेती शिकविण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. त्या सफरी जुन्या झाल्यावर त्यांचे काय करावे, या प्रश्नाची जवळजवळ सर्व उत्तरे त्या एकाच उद्यानात चाळीस वर्षांत आजमावून झाली आहेत. तेव्हा प्रथम तिकडे वळणे सोयीचे होईल.

एप्कॉटचा अनुभव

फ्लॉरिडा राज्यातील एप्कॉट हे उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी खुले झाले. वॉल्ट डिस्ने यांच्या मनात उद्याच्या समाजाचा नमुना ठरेल असे एक शहरच वसवावयाचे होते. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे शहराऐवजी उद्यान उभे राहिले. तरीही मूळ कल्पनेची छाया त्यावर होती. ऊर्जा, वाहतूक, शेती, दळणवळण व समुद्र अशा विषयांना वाहिलेली एकेक मोठी इमारत, आणि बहुतेक इमारतींत एकेक सफर, अशी रचना होती. प्रत्येक इमारतीमागे एखादा मोठा उद्योग पुरस्कर्ता म्हणून उभा होता. वाहतुकीची सफर जनरल मोटर्सच्या साहाय्याने, ऊर्जेची एक्सॉनच्या, तर भविष्यकाळाची जनरल इलेक्ट्रिकच्या साहाय्याने चालत असे.

यांपैकी ऊर्जेच्या सफरीची कल्पना आजही नवी वाटावी अशी होती. इमारतीच्या छतावर सुमारे ८०,००० प्रकाशविद्युत घट बसविलेले होते आणि त्यांतून मिळणारी वीज आतील फिरत्या आसनांसाठी काही अंशी वापरली जाई. प्रेक्षागृहाची आसनेच गटागटाने वाहने बनून डायनोसॉरच्या युगातून फिरून येत. सौरऊर्जेवरील प्रवचनापेक्षा सौरऊर्जेवर चालणारी आसने अधिक शिकवितात, हे मान्य करावेच लागेल. परंतु निवेदनातील ऊर्जाविषयक माहिती काळाबरोबर जुनी झाली. १९९६ मध्ये कार्यक्रम बदलला गेला, २००४ मध्ये एक्सॉनचा पुरस्कार संपला आणि त्यानंतर तोच बदललेला कार्यक्रम पुढे चालू राहिला. अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये ही सफर बंद झाली. तेथे मे २०२२ मध्ये एका लोकप्रिय चित्रपटमालिकेवर आधारित वेगवान गाडी सुरू झाली. ऊर्जा हा विषय त्या जागेतून नाहीसा झाला.

भविष्यकाळ दाखविणाऱ्या 'होरायझन्स' या सफरीची कथा आणखी बोलकी आहे. ती १९८३ मध्ये सुरू झाली. वाळवंटातील यांत्रिक शेती, समुद्राखालील वसाहत आणि अंतराळस्थानक असे देखावे तीत होते. फळबागेच्या देखाव्याशी संत्र्यांचा सुवास दरवळे आणि परतीचा मार्ग कोणता असावा हे प्रवासी बटन दाबून ठरवीत. जाणकारांच्या मते ती उद्यानातील उत्तम सफरींपैकी एक होती. तथापि उद्याचे चित्र रंगविणाऱ्या वस्तूचे आयुष्य मुळातच थोडे असते. १९९३ मध्ये पुरस्कर्ता दूर झाला, जानेवारी १९९९ मध्ये सफर कायमची बंद झाली व पुढे इमारतही पाडण्यात आली. तिच्या जागी २००३ मध्ये अंतराळप्रवासाचा शारीरिक अनुभव देणारे यंत्र आले. त्यात बसणाऱ्यास अग्निबाणाच्या उड्डाणाचा दाब जाणवतो, ही गोष्ट शैक्षणिक नाही असे म्हणता येणार नाही. पण मानवी वसाहतींचा विचार करावयास लावणारे तेथे काही उरले नाही.

वाहतुकीची सफर जानेवारी १९९६ मध्ये बंद झाली. चाकाच्या शोधापासून मोटारीपर्यंतचा इतिहास विनोदी देखाव्यांतून सांगणे, हे तिचे स्वरूप होते. तिच्या जागी १९९९ मध्ये मोटारींच्या चाचणीची, ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी आली. लोकांची गर्दी वाढली. मात्र २०२४ मध्ये ही गाडी नूतनीकरणासाठी थांबविण्यात आली व जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा नव्या मांडणीची प्रेरणा त्या मोडीत काढलेल्या जुन्या सफरीतूनच घेतली गेली. पाडलेल्या वस्तूची आठवण एवढ्या वर्षांनी नव्या खर्चाने जागविण्याची वेळ यावी, यातून घाईच्या निर्णयाची किंमत कळते.

याउलट दोन सफरी आजवर टिकून आहेत. त्या का टिकल्या हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. पहिली म्हणजे उद्यानाच्या प्रवेशाशी असलेल्या, सुमारे ५५ मीटर उंचीच्या गोलाकार वास्तूतील दळणवळणाच्या इतिहासाची सफर. गुहाचित्रांपासून छपाईयंत्र व दूरध्वनीपर्यंतचा प्रवास ती दाखविते. तिच्या मूळ कथानकास सुप्रसिद्ध विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी यांचे साहाय्य लाभले होते. तिचे निवेदन मात्र १९८६, १९९४ आणि २००८ अशा तीन वेळा बदलले गेले व शेवटचे देखावेही वेळोवेळी सुधारले गेले. वाहन तेच, मार्ग तोच, पूर्वार्धातील बरेच देखावे तेच आणि सांगणे नवे, असा हा मार्ग आहे. इतिहासाचा भाग सहसा जुना होत नाही, 'आज' आणि 'उद्या' हे भाग जुने होतात. तेवढेच बदलले की काम भागते.

दुसरी सफर शेतीची आहे. आपल्या वाचकांना तीच विशेष जवळची वाटेल. या सफरीत प्रवासी नावेत बसतात. प्रारंभी काही देखावे आहेत, परंतु नाव पुढे खऱ्याखुऱ्या काचगृहांत शिरते. तेथे मातीविना पाण्यात वाढविलेल्या भाज्या, अधांतरी टांगलेल्या मुळांवर पोषकद्रव्याचा फवारा घेणारी रोपे, उष्ण प्रदेशातील फळझाडे आणि मत्स्यपालनाचे हौद आहेत. तेथील उत्पादन उद्यानाच्या उपाहारगृहांत वापरले जाते. चाळीस वर्षांहून अधिक काळ ही नाव चालू आहे. १९९३ मध्ये पुरस्कर्ता बदलला, नाव बदलले, देखाव्यांत फेरफार झाला, पण सफर टिकली. कारण तेथे दाखविली जाणारी वस्तू जिवंत आहे. दर हंगामात पीक बदलते, त्याबरोबर प्रदर्शन आपोआप नवे होते. एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. पूर्वी प्रत्येक नावेत एक मार्गदर्शक बसून बोलत असे. २००६ मध्ये त्याच्या जागी ध्वनिमुद्रित निवेदन आले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ध्वनिमुद्रण उत्तर देत नाही.

जुनेपणाचे प्रकार

वरील अनुभवावरून एक गोष्ट लक्षात येते. सफर जुनी झाली असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. कधी यंत्र झिजलेले असते. कधी मांडणी शिळी झालेली असते, म्हणजे पुतळ्यांचा पोशाख, आवाज, रंग आजच्या प्रेक्षकाला जुनाट वाटतात. आणि कधी सांगितलेली माहितीच चुकीची ठरलेली असते. यांपैकी तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, पण ती दूर करण्याचा खर्च पुष्कळदा सर्वांत कमी असतो. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळून बटुग्रह ठरविले. उद्यानातील सूर्यमालेच्या प्रतिकृतीत किंवा शाळेच्या भिंतीवर नऊ ग्रह रंगविलेले असतील, तर त्यासाठी नवी प्रतिकृती उभारावी लागत नाही. एक पाटी पुरते. किंबहुना ग्रह कशास म्हणावे याचा निर्णय शास्त्रज्ञ कसा करतात, हे त्या पाटीवर लिहिले तर जुनी चूक हाच चांगला पाठ होईल.

दुसऱ्या तक्रारीला आपण गरजेपेक्षा अधिक महत्त्व देतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तोच देखावा पाहून कंटाळा येतो तो वारंवार येणाऱ्याला. मोठ्या शहरातील कुटुंब दरवर्षी त्याच उद्यानात जाते, त्याला नावीन्य हवे असते आणि तिकिटाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्थेला त्याचा विचार करावाच लागतो. परंतु पाथर्डीहून बसने आलेल्या सहावीच्या मुलीला तो देखावा जुना नसतो. तिच्यापुरते उद्घाटन त्या दिवशीच होत असते. तिची निराशा होते ती बटन दाबल्यावर दिवा लागत नाही तेव्हा, किंवा दाराशी 'बंद आहे' अशी पाटी दिसते तेव्हा.

या बाबतीत अमेरिकेतीलच शिकागो येथील विज्ञान व उद्योग संग्रहालयाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथील कोळसाखाणीचे प्रदर्शन १९३३ मध्ये संग्रहालयाबरोबरच सुरू झाले. प्रेक्षक पिंजऱ्यातून खाली उतरतात, छोट्या आगगाडीत बसतात आणि मार्गदर्शक त्यांना खऱ्या खाणीतील यंत्रे चालवून दाखवितो. नव्वद वर्षांहून अधिक काळ त्याची लोकप्रियता टिकून आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयातही अशाच खाणीची प्रतिकृती आहे आणि ती तेथील प्रमुख आकर्षण मानली जाते.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

आता आपल्या राज्याकडे पाहू. मुंबईतील वरळी येथील नेहरू तारांगणाचे उद्घाटन ३ मार्च १९७७ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. घुमटाच्या मध्यभागी कार्ल झाईस कंपनीचा भव्य प्रक्षेपक होता. पाव शतकाच्या सेवेनंतर २००३ मध्ये त्याच्या जागी संगणकाधारित डिजिस्टार प्रणाली बसविण्यात आली. हा बदल योग्य होता काय? जुन्या प्रक्षेपकात प्रकाश सूक्ष्म छिद्रांतून व भिंगांतून घुमटावर पडे. त्यामुळे तारे टाचणीच्या टोकासारखे रेखीव दिसत आणि पृथ्वीवरून दिसणारे रात्रीचे आकाश हुबेहूब उभे राही. परंतु प्रेक्षकाला पृथ्वी सोडता येत नसे. नव्या प्रणालीत शनीच्या कड्यांजवळून जाता येते, आकाशगंगेबाहेर येऊन मागे वळून पाहता येते आणि एखादा नवा शोध लागला की त्याचा समावेश कार्यक्रमात करता येतो. येथे केवळ बाह्य रूप बदलले नाही, तर शिकविण्याची शक्ती वाढली. ताऱ्यांच्या रेखीवपणात काही गमावले गेले, हेही खरे. तरी विषय तोच राहिला व त्याचा आवाका वाढला. एप्कॉटमधील ऊर्जेच्या जागी आलेल्या चित्रपटाच्या गाडीशी तुलना केली तर दोन बदलांतील अंतर स्पष्ट होईल.

त्याच परिसरातील नेहरू विज्ञान केंद्राची गोष्ट निराळी आहे. या केंद्राचे विज्ञान उद्यान आंतरराष्ट्रीय बालवर्षात, म्हणजे १९७९ मध्ये, खुले झाले आणि केंद्राचे रीतसर उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्री. राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. झोका, तरफ, कप्पी, लंबक, ध्वनीचे परावर्तन हे असल्या उद्यानाचे विषय. झोक्याच्या आंदोलनाचा काळ त्यावर कोण बसले आहे यावर अवलंबून नसतो, दोरीच्या लांबीवर असतो. हा नियम कोणत्याही वर्षी कालबाह्य ठरणार नाही. अशी साधने गंजतात, त्यांचे खिळे निघतात, दोर तुटतात. त्यांना वंगण, रंग आणि एक कुशल लोहार लागतो. त्यांच्या जागी पडदा बसवून त्यावर झोक्याचे चलच्चित्र दाखविणे ही प्रगती म्हणता येणार नाही.

देखभालीचा प्रश्न

सफरी बंद पडण्याचे खरे कारण पुष्कळदा जुनेपणा नसून देखभालीचा अभाव हे असते. एप्कॉटमध्ये पुरस्कर्ता गेला की सफरीची दुरवस्था सुरू झाली, असे वारंवार दिसते. आपल्याकडे पुरस्कर्त्याची जागा बहुधा अनुदान घेते. नगरपालिकेच्या उद्यानात किंवा ग्रामपंचायतीच्या बागेत काही नवे उभारावयाचे तर त्याचा प्रस्ताव होतो, उद्घाटन होते, कोनशिला बसते. तिसऱ्या वर्षी कारंजाचा पंप जळतो तेव्हा मात्र कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकावा, असा प्रश्न उभा राहतो. मग ते साधन 'कालबाह्य' ठरते व नव्या साधनाचा प्रस्ताव तयार होतो, कारण नव्यासाठी पैसा मिळणे सोपे असते. ज्या सभागृहापुढे असा प्रस्ताव येईल त्याच्या सदस्यांनी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. जुने साधन दुरुस्त करण्याचा अंदाज घेतला आहे काय, आणि नव्या साधनाच्या पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे काय. संगणकावर चालणारी साधने तर लोखंडी साधनांहून लवकर जुनी होतात. त्यांचे सुटे भाग व कार्यप्रणाली काही वर्षांतच बाजारातून नाहीशा होतात, ही बाब खरेदीच्या वेळी सहसा कोणी मांडत नाही.

मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांतही भेद केला पाहिजे. अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये स्थापन झाले. तेथे रोल्स-रॉइस कंपनीच्या चिलखती गाडीपासून १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंतची वाहने उभी आहेत. ती हलत नाहीत, बोलत नाहीत, तरी प्रत्येक वर्षागणिक त्यांचे मोल वाढतच जाणार. त्यांना जपणे एवढेच कर्तव्य आहे. प्लास्टरच्या पुतळ्याबाबत असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तो विटला तर खुशाल बदलावा.

जिल्ह्यातील जिवंत सफरी

आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला फ्लॉरिडातील नावेत बसता येणार नाही. पण ती नाव ज्या गुणामुळे टिकली, तो गुण असलेली स्थळे येथे आहेत. राहुरी येथील, १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पिकांचे वाण, रोपवाटिका व सिंचनाच्या पद्धती प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. तेथील देखावा प्रत्येक हंगामात नवा असतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पाऊस मोजून, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडून पिकांचे नियोजन करण्याची प्रथा आहे. दरवर्षीचे आकडे वेगळे, म्हणून दरवर्षीचा पाठ वेगळा. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भिंतीजवळ उभे राहून खालच्या लाभक्षेत्राचा नकाशा उलगडला तर भूगोलाची अनेक पाने एका तासात समजतात.

या सर्व ठिकाणी उणीव असते ती सांगणाऱ्या माणसाची. वस्तू आहे, पण तिचा क्रम लावून देणारा मार्गदर्शक नाही. त्यामुळे मुले रांगेने जातात व रांगेने परत येतात. शिक्षकांनी सहलीपूर्वी एकदा स्वतः जाऊन, कोठे थांबावयाचे व तेथे कोणता प्रश्न विचारावयाचा याचे टिपण केले, तर हा दोष बराच दूर होतो. नव्या सफरीसाठी लागणाऱ्या खर्चाचा अल्पसा भाग स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून तयार करण्यासाठी खर्ची पडला, तर तो अधिक फलदायी ठरेल, असे म्हणावयास हरकत नाही.

लोणी-प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याने देशातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या कारखान्याचे नाव पाठ्यपुस्तकातून मुलांना माहीत असते. उसाची गाडी काट्यावर उभी राहते तेथपासून साखरेचे पोते शिवले जाते तेथपर्यंतचा कोणत्याही कारखान्यातील मार्ग ही अगदी पूर्ण सफर आहे, आणि तीत एकही पुतळा नाही. मात्र ती पाहावयाची तर गाळप हंगाम चालू असला पाहिजे. हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चच्या सुमारास संपेपर्यंत असतो. तेव्हा व्यवस्थापनाकडे परवानगीचे पत्र दिवाळीपूर्वीच पाठवावे, यंत्रांजवळ नेण्यासाठी मुलांचे लहान गट पाडावेत आणि कारखान्यातील एखादा अनुभवी कामगार सोबत देण्याची विनंती त्याच पत्रात करावी.